सामाजिक उद्योगात माणसं टिकवायचीत? आधी पेट्रोलची बिलं काढा

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च संपत आलेला, बजेटमध्ये ट्रेनिंगच्या हेडखाली थोडे पैसे उरलेले, ते लॅप्स होऊ नयेत म्हणून मी पुण्याहून एक मोटिव्हेशनल स्पीकर बोलावला. माणूस चांगला होता, दोन तास बोलला, सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, डोळे मिटून 'मी करू शकतो' म्हणायला लावलं. नंतर चहाच्या वेळी आमचा फील्डवरचा एक दादा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कार्यक्रम भारी झाला, पण ते जानेवारीचं पेट्रोल तेवढं...?"

जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च. साडेसहा हजारांच्या आसपास अडकले होते त्याचे, आणि स्पीकरचा चेक मात्र मी त्याच सकाळी सही करून ठेवला होता. लाज वाटली राव.

तेव्हापासून "टीमला मोटिव्हेट कसं करायचं" हे मी विचारायचंच सोडलं. आपल्याकडे येणारा माणूस, मग तो बचत गटातून आलेला असो की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, करून, बऱ्यापैकी उमेद घेऊनच येतो, नाहीतर एवढ्या पगारात कोण येईल. ती उमेद आपण कुठं कुठं खच्ची करतो ते शोधायचं आणि तिथं दुरुस्ती करायची, माझ्या लेखी निम्मं काम एवढंच. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये हेच मांडलं होतं की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी धड असल्या म्हणून माणूस खूश होतो असं नाही, पण त्या बिघडल्या की नाराज नक्की होतो. आमच्याकडे ते पेट्रोलच्या पावत्यांवरून कळलं.

खालचं सगळं बारा वर्षं मसाल्याचं आणि कापडी पिशव्यांचं युनिट सांभाळताना, म्हणजे बऱ्याचदा चुका करून, शिकलेलं आहे. सामाजिक उद्योग म्हणजे मी सेक्शन आठ कंपनी (नफा वाटून न घेणारी), महिलांची उत्पादक कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्टचं युनिट, असं सगळंच धरतेय, जिथं माल किंवा सेवा विकून पैसा येतो पण धंदा काढलाय कोणाच्या तरी भल्यासाठी.

पगाराची तारीख भिंतीवर लिहा

ही पहिली पायरी आणि ही जमत नसेल तर पुढचं वाचण्यात फार अर्थ नाही. आपल्याकडे पैसा दोन वाटांनी येतो, विक्रीतून आणि अनुदानातून, आणि दोन्ही वेळेवर येत नाहीत. अनुदानाचा दुसरा हप्ता आधीच्या हप्त्याचं यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय येत नाही, यूसी ऑडिट झाल्याशिवाय जात नाही, ऑडिट सीए साहेबांना सवड मिळाल्याशिवाय होत नाही, आणि मग एप्रिल ते जून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. हे दरवर्षी होतं. दरवर्षी होणाऱ्या गोष्टीला अडचण कसली म्हणायची, ते तर वेळापत्रकच झालं.

तर करायचं काय. एक, तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवायची, एकदम नाही जमत, आम्हाला साडेतीन वर्षं लागली, दर विक्रीतून थोडे थोडे टाकत गेलो आणि ट्रस्टींना ठराव करायला लावला की या खात्याला पगाराशिवाय हात लावायचा नाही. दोन, उशीर होणारच असेल तर २५ तारखेच्या आत सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं, किती उशीर, का, आणि पैसे थोडेच असतील तर आधी कोणाला मिळणार. आमचा नियम असा की सगळ्यात कमी पगारवाल्यापासून वाटत जायचं आणि मी शेवटी. हे पहिल्यांदा केलं तेव्हा युनिटमधल्या एका ताईनं मलाच विचारलं, "मग तुमचं घर कसं चालणार?" अशी विचारपूस स्पीकर बोलावून होत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर आता प्रत्येक फील्डवाल्याकडे महिन्याच्या एक तारखेला तीन हजार आगाऊ असतात, दर शनिवारी तो व्हाउचर टाकतो, सोमवारी तेवढी भरपाई होते. त्याच्या खिशातून खर्च आणि मग आमच्याकडून वसुली ही भानगडच नको. दर किलोमीटरवर ठेवलाय, आणि त्यात गाडीची झीज, सर्व्हिसिंग, पंक्चर धरलंय, नुसतं पेट्रोल धरलं तर तो माणूस स्वतःची गाडी संस्थेला फुकट देतोय एवढं लक्षात घ्या. आणि हो, जो रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकलवर असतो त्याचा विमा काढा. काहीच जमत नसेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कवच, वय १८ ते ७०. तेवढ्यावर थांबू नका पण सुरुवात तरी करा, फॉर्म भरायला बँकेत माणूस पाठवायचा एवढंच काम आहे.

बजेट लिहिताना एक गोष्ट. आपणच प्रस्तावात पगार 'प्रशासकीय खर्चा'त टाकतो आणि मग फंडर, म्हणजे निधी देणारी संस्था, तो कापतो. गावात जाऊन गट बांधणारी ताई हा प्रशासकीय खर्च कसा काय? तोच तर कार्यक्रम आहे. परदेशी निधी घेणाऱ्यांना तर त्या निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलीय, त्यामुळे कोणतं पद कुठल्या हेडमध्ये बसतं ते सीएबरोबर आधीच बसून ठरवा, वर्षअखेरीला ओढाताण करू नका.

वजनकाटा कोणाकडे तोंड करून आहे?

आता उत्पादनातल्या बायकांबद्दल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण 'कर्मचारी कल्याण' म्हटलं की सगळे ऑफिसातल्या पोरांचाच विचार करतात.

आमच्याकडे फेब्रुवारी ते मे मसाल्याचा सीझन. बेडगी, लवंगी, संकेश्वरी मिरची येते, ती वाळवायची, देठं खुडायची, मग डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर. देठं खुडायचं काम किलोवर. आम्ही दहा किलो मिरची मोजून द्यायचो आणि खुडून झाल्यावर परत मोजून त्या वजनावर पैसे द्यायचो. आता देठ गेलं, बी सांडलं, धूळ गेली, दिवसभर उन्हात पडून राहिली तर ओल पण गेली, दहाचे साडेआठ-नऊ भरणारच. बाई म्हणते मी दहा किलो खुडली, रजिस्टर म्हणतं पावणेनऊ. कोणी भांडत नव्हतं. नुसत्या गप्प असायच्या, आणि मग हळूहळू सुट्ट्या वाढायला लागल्या, घरी पाहुणे आलेत, पोराला बरं नाही. मला वाटायचं यांना कामाची गोडीच नाही. मी चक्क एक 'टीम बिल्डिंग' पण करून झाले, संगीत खुर्ची वगैरे.

शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं. म्हणाल्या, "काटा तुमच्याकडं तोंड करून हाय बाई, आमाला काय दिसतंय." खरंच होतं ते, काटा सुपरवायझरच्या टेबलावर, आकडे त्याच्या बाजूला.

दोन बदल केले. काटा मधल्या जमिनीवर आणला, आकडे बाईकडे, ती वाचणार, ती मोठ्यानं बोलणार आणि तीच आपल्या वहीत लिहिणार, जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारची लिहिणार. आणि पैसे दिलेल्या वजनावर, परत आलेल्या नाही. त्यानं खर्च वाढला का, वाढला, किलोमागे थोडा. पण त्या सीझनला आम्हाला बाहेरून माणसं आणावी लागली नाहीत, आणि निवड इतकी स्वच्छ झाली की डंकवाला पण बोलून गेला.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण लोक त्यातलं ८० रुपये उसने आणि सात बायका आणि गिरगावातली गच्ची एवढंच सांगतात आणि थांबतात. १५ मार्च १९५९ ची ती गोष्ट गोड आहेच. पण मला त्यातलं रोजचं चक्र जास्त शिकण्यासारखं वाटतं: सकाळी शाखेतून भिजवलेलं पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, वाळलेले पापड आणून द्यायचे, तिथंच तपासणी, तिथंच मजुरी. महिनाभर कोणाच्या मर्जीची वाट बघायची नाही. आणि काम करणारी प्रत्येक बाई सभासद, तिथं म्हणतात तशी बहीण, म्हणजे नफ्या-तोट्यात भागीदार. सगळ्यांना हा ढाचा जमेल असं नाही, आमच्या मालाचे पैसेच दुकानदाराकडून ४५ दिवसांनी येतात तर रोजची मजुरी द्यायला खेळतं भांडवल लागतं. मग आम्ही आठवड्यावर आलो, शनिवारी हिशोब, शनिवारीच खात्यावर. महिन्यावरून आठवड्यावर आल्यावर उचल मागणाऱ्यांची रांग जवळजवळ संपली, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

अंगाला काय लागतं ते बघा

मिरचीवर काम करून बघा एक दिवस. मालकीणबाई म्हणून नाही, खाली बसून. दुपारपर्यंत बोटं भगभगतात, पाण्यानं धुतलं की अजून वाढतं, खोबरेल तेल चोळलं की जरा बरं, आणि चुकून डोळ्याला हात लागला की संपलं. मला आठ वर्षं युनिट चालवल्यावर हा साक्षात्कार झाला, त्याआधी मी ग्लोव्हज वाटून मोकळी झाले होते आणि बायका ते वापरत नाहीत म्हणून चिडायचे. ग्लोव्हजमध्ये घाम येतो आणि देठ पकडता येत नाही, साधी गोष्ट. आता खोबरेलाची बाटली संस्थेची, दोन दोन तासांनी अदलाबदल, मिरचीवरची पॅकिंगला आणि पॅकिंगची मिरचीवर, डंकाच्या खोलीत एक्झॉस्ट आणि नीट बसणारे मास्क. आणि संडास. बायकांचा वेगळा, आतून कडी लागणारा, पाणी असलेला, कचऱ्याचा झाकणाचा डबा असलेला. युनिटमध्ये दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांना आरोग्य शिबिराची गरज नाही, संडासची आहे.

पुण्यात कचरावेचकांच्या कामातून जे उभं राहिलं ते बघण्यासारखं आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, मग त्यातूनच २००८ मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला लागली. त्यांची लाल ठिपक्याची मोहीम आठवते? सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला उघडून बघावं लागणार नाही. खर्च जवळजवळ शून्य, आणि बदलायचं कोणी, तर ज्यांच्या घरचा कचरा त्यांनी. कामगाराचं भलं दर वेळी कामगाराला ट्रेनिंग देऊन होत नसतं, कधी कधी ग्राहकाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तीच गोष्ट ओळखपत्राची. सोसायटीच्या गेटवर वॉचमन अडवतो तेव्हा गळ्यातल्या कार्डाचा काय उपयोग होतो ते ज्याला अडवतात त्यालाच कळतं. आमच्या फील्डवाल्या पोरींना आम्ही कार्ड दिली तेव्हा एकीनं सांगितलं की आता एसटीत कंडक्टर पण विचारतो, "ताई, कुठल्या ऑफिसला?"

कायद्याचं पटकन सांगून टाकते, कारण 'आपली तर संस्था आहे, आपल्याला काय लागू' हा गैरसमज फार आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवीच, २०१३ चा कायदा, अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता बोर्डावर लावा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी. वीस माणसं झाली की पीएफ. हे 'देणं' नाहीये, हे आहेच, त्यामुळे वार्षिक अहवालात याचे फोटो टाकून मिरवू नका.

सेवाभाव नावाची वसुली

हे लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते. आपल्या क्षेत्रात रजा मागितली की चेहरा पडतो. "आपण काही नोकरी करत नाही, हे काम आहे", "आपलं कुटुंब आहे". कुटुंब म्हणायचं आणि ओव्हरटाइम द्यायचा नाही, रविवारी मीटिंग ठेवायची कारण गटातल्या बायकांना रविवारीच वेळ असतो, रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या सकाळी फोटो लागतील' टाकायचं. मी स्वतः हे सगळं केलंय, वर अभिमानानं केलंय.

गंमत म्हणजे 'बर्नआउट' हा शब्द आता आयटीवाल्यांच्या तोंडी असतो, पण तो रुळला तो आपल्यासारख्यांवरून. न्यूयॉर्कमधले एक मानसशास्त्रज्ञ, हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर, फुकट दवाखान्यात दिवसाचं काम संपवून रात्री राबायचे, आणि तिथल्या मन लावून काम करणाऱ्यांचीच कशी राख होते यावर त्यांनी १९७४ मध्ये लेख लिहिला. कामचुकार माणूस जळून जात नाही हो, ज्याला तळमळ असते तोच जातो. म्हणून सगळ्यात गुणी कार्यकर्त्यावर नजर ठेवा. लक्षणं साधी असतात: जी ताई गटातल्या प्रत्येक बाईचं नाव, पोरं, म्हशी सगळं सांगायची ती एकाएकी 'ते लाभार्थी' असं बोलायला लागते. किंवा जो दादा प्रत्येक मीटिंगला भांडायचा तो सगळ्याला 'हो, चालेल' म्हणायला लागतो. भांडणारा माणूस गप्प झाला की मी तरी त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर चहाला जाते.

आम्ही जे नियम केले ते असे, तुम्हाला जमतील ते घ्या. रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही, टाकलं तर उत्तराची अपेक्षा नाही, आणि हा नियम पहिल्यांदा मीच मोडला म्हणून दंड पण मीच भरला, सगळ्यांना भजी. रविवारी काम केलं तर त्याच्या पुढच्या सात दिवसांत सुट्टी, 'नंतर घे' चालणार नाही, कारण नंतर कधीच येत नाही. रजेचं कारण विचारायचं नाही. सगळ्यांनी वर्षातून एकदा सलग सहा दिवस जायचंच, मी पण, आणि त्या दिवसांत कोण काय बघणार ते कागदावर. शेवटच्या नियमानं मला असा शोध लागला की माझ्याशिवाय युनिट चालतं. थोडं वाईट वाटलं.

दुसरं, ऐकून घेण्याचं ओझं. फील्डवरच्या पोरी दिवसभर काय काय ऐकतात, नवऱ्याची मारहाण, पोर गेलेलं, सावकार दारात, आणि संध्याकाळी येऊन फॉर्ममध्ये 'गृहभेटी: ७' लिहितात. महिन्यातून एकदा दोन तास नुसतं बसायचं, अजेंडा नाही, रिपोर्ट नाही, फोटो तर अजिबात नाही, ज्याला बोलायचं तो बोलेल. शक्य असेल तर बाहेरची समुपदेशक बोलवा, आपण बॉस असतो, आपल्यासमोर सगळं निघत नाही. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

केलेलं काम पोचलं कुठं, ते दाखवा

पिशव्या शिवणाऱ्या बायकांनी ती पिशवी विकताना कधी बघितलेलीच नसते. प्रदर्शनाला कोण जातं? मार्केटिंगवाला आणि मी.

अमेरिकेत विद्यापीठासाठी फोनवर देणग्या गोळा करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता, ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा, २००७ सालचा. त्या लोकांना अशा एका विद्यार्थ्याला पाच मिनिटं भेटवलं ज्याची स्कॉलरशिप त्यांच्याच देणग्यांतून आली होती. बास, पाच मिनिटं. महिन्याभरानं बघितलं तर ते फोनवर घालवत असलेला वेळ १४२ टक्क्यांनी आणि गोळा केलेले पैसे १७१ टक्क्यांनी वाढले होते. पगार तोच, साहेब तोच.

मी हे वाचून पुढच्या महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचत गटांचं मुंबईतलं ते मोठं प्रदर्शन, युनिटमधल्या तिघींना पाळीपाळीनं स्टॉलवर उभं केलं. एक गिऱ्हाईक बाई आली, पाकीट उघडून वास घेतला, म्हणाली मिरची कुठली. मी उत्तर द्यायच्या आत आमची ताई म्हणाली, "बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, देठ काढल्याशिवाय आम्ही डंकावर घालतच नाय, घाला हात, बघा." त्या बाईनं दोन किलो घेतला. परत आल्यावर या ताईनं युनिटमध्ये काय सांगितलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी निवडलेल्या मिरचीत देठ सापडलं म्हणून बायकाच एकमेकींना ओरडत होत्या. तेव्हापासून प्रदर्शनाची यादी मी करत नाही, बायका करतात.

फंडरची व्हिजिट ही वेगळी गोष्ट, तिथं बायकांना साड्या नेसवून रांगेत बसवून 'सांगा तुमच्या आयुष्यात काय बदल झाला' विचारतात. त्यानं उमेद वाढत नाही, दिवस बुडतो. व्हिजिटच्या दिवसाची मजुरी द्या.

गावातली ताई आणि शहरातला पोरगा

सगळ्यात मोठी ठसठस इथं असते आणि ती कुठल्याच स्टाफ सर्व्हेत येत नाही. गावातली ताई आठ वर्षं काम करते, तिच्यामुळे गट उभे राहतात, शहरातून नवा पोरगा येतो, तीन महिने ती त्याला घरोघर फिरवून काम शिकवते, मग तो तिचा 'प्रोग्राम मॅनेजर' होतो आणि पगार तिच्या अडीचपट. का, तर त्याला इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येतो. पोरग्याचा दोष नाही, तोही बाहेर मिळाला असता त्यापेक्षा कमी पगारात आलेला असतो. पण ताईच्या पैशाला आपण मानधन म्हणतो आणि त्याच्या पैशाला पगार, हा शब्दांचा खेळ तिला कळतो बरं का.

उपाय लगेच होणारा नाही, पण सुरुवात करता येते. महिन्याचा रिपोर्ट मराठीत घ्या, बोलून रेकॉर्ड केलेला पण चालेल, भाषांतराचं काम ऑफिसचं. कुठल्या पदाला किती ते किती पगार हे सगळ्यांना माहीत असू द्या, आम्ही उघड केलं तेव्हा आठवडाभर वातावरण तंग होतं, नंतर निवळलं, आणि दोन ठिकाणी खरंच अन्याय होता तो दुरुस्त करावा लागला. कॉम्प्युटर शिकायचा असेल तर कामाच्या वेळेत, संध्याकाळी सहानंतर नाही, सहानंतर तिला घरी स्वयंपाक असतो. आणि जी नव्यांना शिकवते तिला शिकवण्याचे वेगळे पैसे, पदाचं नाव पण.

थोडे अधिकार पण द्या. आमच्याकडे दोन हजारांपर्यंतचा खर्च क्लस्टरची, म्हणजे आसपासची काही गावं सांभाळणारी, ताई मला न विचारता करते, पावती ठेवते, महिन्याच्या शेवटी सांगते काय केलं. आतापर्यंत एकदाच काहीतरी गडबड निघाली, तीही बेरजेची. याच्या उलट माझ्याकडे आधी पेन ड्राइव्ह घ्यायला पण तीन सह्या लागायच्या आणि मी म्हणायचे लोक पुढाकार घेत नाहीत.

आणि रिपोर्टिंग कमी करा हो. एकाच गटभेटीची माहिती तीन फंडरच्या तीन फॉरमॅटमध्ये, शिवाय ॲपवर, शिवाय जीपीएसवाला फोटो. आम्ही एक दिवस बसून सगळे फॉर्म जमिनीवर पसरले आणि जो रकाना वर्षभरात कोणीच वाचला नव्हता त्यावर काट मारली. निम्म्याच्या वर गेले. एका फंडरला फोन करून सांगितलं, तर ती मॅडम म्हणाली, अहो तो फॉर्म तर आम्ही पण केव्हाच बंद केलाय.

जाणारा माणूस

प्रोजेक्ट संपतो, माणसं जातात, हे आपल्याकडे होणारच. पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या महिन्यापर्यंत 'बघू, एक्स्टेन्शन येईल' म्हणत लोकांना लटकवून ठेवतात. तीन महिने आधी सांगा, पत्र देऊन. आलं एक्स्टेन्शन तर आनंदच, पण तोपर्यंत त्याला दुसरीकडे मुलाखतीला जायला रजा द्या.

अकरा महिन्यांचे करार करून मध्ये एक दिवसाची ब्रेक देण्याची सवय असेल तर ती सोडा. ग्रॅच्युइटीला इतके दिवस पाच वर्षं लागायची, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यात ठराविक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्षानंतरच ती मिळते. त्यामुळे अकरा महिन्यांचा आकडा आता आणखीच डोळ्यावर येणार आहे, आणि कशासाठी तो ठेवलाय हे सगळ्यांना कळतं.

शेवटच्या दिवशी तीन गोष्टी त्याच्या हातात पडल्या पाहिजेत: हिशोबाचे सगळे पैसे, पीएफचे कागद, आणि अनुभवाचं पत्र ज्यात त्यानं नेमकं काय केलं ते लिहिलंय, 'सदर व्यक्ती आमच्याकडे कार्यरत होती व तिची वर्तणूक चांगली होती' एवढंच नाही. माझ्या तरुणपणी एका संस्थेतून मला ते पत्र मिळायला सात महिने आणि चार चकरा लागल्या होत्या, त्यामुळे हे काम मी कोणावर सोपवत नाही. आमचा तो पेट्रोलवाला दादा मागच्या वर्षी गेला, तालुक्याला एका दूध संघात चांगली नोकरी लागली त्याला. पत्र मी स्वतः टाइप केलं, किती गावं, किती गट, कुठल्या वर्षी काय काय. त्यानं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, शनिवारचं व्हाउचर टाकलंय बरं का."